गन शेवटी घ्या, आधी हवा मोजा



मागच्या महिन्यात प्रभागाच्या बैठकीत चहाच्या वेळी एका ताईंनी मला बाजूला घेतलं. "आमच्या गटाची गाडी रंगवायचीय. ती फवाऱ्याची गन कुठली घेऊ, तेवढं एका कागदावर लिहून द्या." मी कागद काढला, पेन काढलं आणि काहीच लिहिलं नाही. कारण वर्षापूर्वी असंच एका गटाला मी एका ओळीत उत्तर दिलं होतं आणि ते चुकलं होतं. त्या चुकीचे पैसे गटाच्या खात्यातून गेले. म्हणून कागदाऐवजी हा लेख.

त्या गटाची गाडी म्हणजे जुनी पांढरी ओम्नी. मसाल्याची आणि पापडाची पाकिटं आठवडी बाजारात न्यायला सेकंडहँड घेतलेली. इंजिन ठीक होतं, पण सरकत्या दाराची खालची कड आणि मागच्या चाकावरचा पत्रा गंजून फुगला होता. खायचा माल अशा गाडीतून उतरला की गिऱ्हाईक आधी गाडीकडे बघतं, मग पाकिटाकडे. तालुक्याच्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचे २४,००० रुपये सांगितले. बैठकीत एक ताई म्हणाल्या, "घराला आपण रंग देतो, कोठ्यांना आपण देतो, मग गाडीलाच काय झालं?" ठराव झाला, इतिवृत्तात लिहिला गेला, १५,००० रुपये बाजूला काढले आणि गन शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी शिकले समाजकार्य. रंगाची गन काही आमच्या अभ्यासाला नव्हती. मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले आणि सगळे जिला चांगली म्हणत होते ती सांगितली. गन खरंच चांगली होती. पण तिला लागणारी हवा आमच्याकडे नव्हती.

आता नीट सुरुवातीपासून सांगते.

पहिला प्रश्न त्याच बैठकीत आला होता, तो सगळ्याच विचारतात. पिकावर औषध मारायचा पंप चालणार नाही का? नाही चालणार. पंपात दाब पाण्यावर असतो, ते बारीक भोकातून जोरात बाहेर पडतं आणि त्याचे थेंब होतात. झाडाच्या पानाला तो थेंब चालतो, गाडीच्या पत्र्याला तो मोठा पडतो. शिवाय थिनर पंपातली रबरं खाऊन टाकतं. आणि त्याच पंपातून उद्या भाजीवर फवारणी करणार का आपण? रंगाच्या गनमध्ये काम करते ती हवा. नोझलमधून रंगाची धार येते आणि भोवतीच्या टोपीतून सुटलेली हवा तिचं धुकं करते. धुकं जितकं बारीक, तितका रंग सपाट बसतो. ही युक्ती आली कुठून माहितीय? अमेरिकेतल्या डेव्हिलबिस नावाच्या डॉक्टरांनी घशात औषध उडवायचा छोटा फवारा केला होता, आणि त्यांच्या मुलाने १९०७ साली त्याच तत्त्वावर हातात धरायची रंगाची गन बनवली. घशासाठी केलेला फवारा मोटारीपर्यंत गेला तो असा.

दुकानात गेलात की तीन-चार तऱ्हा समोर येतील. एक थेट विजेवर चालणारी, कंप्रेसर न लागणारी. ती बघून सगळ्या खूश होतात, कारण स्वस्त आणि सुटसुटीत. गेट, जाळी, पत्र्याची कोठी, भिंत यांना ती बरी. पण तिच्या पंख्याची हवा दाबाने फार हलकी असते, धुकं जाडसर होतं आणि गाडीच्या दारावर रंग दाणेदार बसतो. गाडीसाठी ती नको. दुसरी, वाटी खाली असलेली जुन्या पद्धतीची गन. ती रंग खालून ओढून घेते, त्यासाठी हवा जोरात लागते आणि वाटीच्या तळाला थोडा रंग उरतोच. तिसरी, वाटी वर असलेली. रंग आपल्या वजनानेच खाली उतरतो, शेवटच्या चमच्यापर्यंत वापरता येतो. घरी एखादी गाडी करायची तर वर वाटी असलेलीच घ्या. त्यावर माझं दुमत नाही.

खरा गोंधळ पुढे आहे. वर वाटी असलेल्या गनमध्येही प्रकार आहेत आणि डब्यावर इंग्रजी अक्षरं असतात. एचव्हीएलपी म्हणजे हवा भरपूर, पण दाब कमी. टोपीपाशी दाब १० पौंडांच्या आत. (टायरमध्ये ३० हवा भरा म्हणतो ना, त्याच मापाचे पौंड.) धुकं हळू जातं, त्यामुळे पत्र्यावर आपटून उडत नाही. जुन्या गनमधून निघालेला निम्म्याहून जास्त रंग हवेत उडून जाऊ शकतो, एचव्हीएलपीतून साधारण ६५ टक्के किंवा त्याहून जास्त पत्र्यावर बसतो. रंग वाचतो, आपल्या छातीतही कमी जातो. ऐकायला किती छान! म्हणून तर मी तीच सांगितली. पण नावातला पहिला शब्द 'भरपूर हवा' मी वाचला आणि सोडून दिला. एलव्हीएलपी नावाची तिची धाकटी बहीण आहे, तिला हवाही कमी लागते, दाबही कमी. काम थोडं हळू होतं इतकंच.

हवा मोजायची कशी

गनला किती हवा लागते ते डब्यावर किंवा आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. कधी सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. कधी मिनिटाला किती लिटर. एक सीएफएम म्हणजे साधारण २८ लिटर. आमच्या पहिल्या गनला १० सीएफएम लागत होती, म्हणजे मिनिटाला २८० लिटर हवा.

आणि कंप्रेसर किती हवा देतो? इथे दुकानदाराच्या तोंडावर आणि कंप्रेसरवरच्या पट्टीवर दोन्हींवर विश्वास ठेवू नका. पट्टीवर बऱ्याचदा पिस्टनच्या मापावरून काढलेला आकडा असतो, प्रत्यक्ष हवा त्याहून बरीच कमी मिळते. आपणच मोजायची. घड्याळ पाहिजे आणि गुणाकार-भागाकार आला पाहिजे, तो तर आपल्याला दर महिन्याला व्याज काढताना येतोच.

टाकी पूर्ण रिकामी करा. मोटर चालू करा आणि काटा ८ किलोवर यायला किती मिनिटं लागतात ते बघा. आमच्याकडे गावातल्या पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर भाड्याने आणला होता, एक एचपीचा, ५० लिटर टाकीचा. ५० गुणिले ८ म्हणजे ४०० लिटर हवा आत गेली. त्याला लागली ४ मिनिटं. ४०० भागिले ४, म्हणजे मिनिटाला १०० लिटर. झालं, हीच त्या कंप्रेसरची खरी ताकद. आणि गन पिणार मिनिटाला २८०.

पाण्यावरून विचार करा. विहिरीतून मोटर तासाला एक टाकी पाणी ओढते आणि आपण तासाला पावणेतीन टाक्यांचं ठिबक जोडलं, तर काय होईल? सुरुवातीला टाकी भरलेली असते तोवर सगळं छान वाटतं. तसंच झालं. टाकीतला दाब ८ किलोवरून ३ किलोवर उतरेपर्यंत आपल्याला २५० लिटर साठा मिळतो. दर मिनिटाला १८० लिटरची तूट. म्हणजे सव्वा मिनिटाच्या थोडं पुढे, आणि संपलं. टपावर दोन पट्टे सुरेख बसले, आमच्या टाळ्या झाल्या, आणि तिसऱ्या पट्ट्याला गन खोकायला लागली. धुक्याचे थेंब झाले. संध्याकाळपर्यंत अख्खा टप संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. दोन दिवस पाणी आणि पेपर घेऊन तो सगळा घासून काढावा लागला. "मोठी टाकी घेतली असती तर?" असं एकीने विचारलं. मोठ्या टाकीने रिकामं व्हायला वेळ लागतो, पण भरायलाही तितकाच जास्त लागतो. विहिरीला पाणी किती, हाच प्रश्न आहे.

तेव्हा गन बघायच्या आधी, तुम्हाला जो कंप्रेसर मिळणार आहे तो मोजा. मिनिटाला १०० ते १२० लिटर भरला, तर कमी हवेची एलव्हीएलपी गन घ्या. तिच्या डब्यावर चारच्या आसपास सीएफएम लिहिलेली बघून घ्या. दारं, कडा आणि छोटे भाग तेवढेच करायचे असतील तर छोटी टच-अप गनही पुरते. १६० ते २०० लिटर देणारा दोन एचपीचा कंप्रेसर असेल तर वर वाटीच्या मध्यम गन चालतील, मात्र डब्यावरचा आकडा सहा-सातच्या आत पाहिजे. मोठी एचव्हीएलपी तीन एचपी आणि त्यापुढच्यांची. ती गावात क्वचितच कुणाकडे असते. दोन एचपीच्या मोटरला घरातलं साधं पाच अँपिअरचं सॉकेट चालत नाही. पंधराचं पॉवर सॉकेट आणि जाड वायर लागते, आणि व्होल्टेज पडलेलं असताना ती चालवली तर जळते.

हवा किती ते कळलं. ती स्वच्छ आहे का, तेही बघा. पंक्चरच्या दुकानातल्या जुन्या कंप्रेसरमधून हवेबरोबर तेलाचा अंश येतो, आणि टाकीत पाणी साचतं. टायरला त्याचं काही वाटत नाही. पत्र्यावर तेलाचा सूक्ष्म थेंब पडला तर रंग तिथून बाजूला सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखा गोल खड्डा उरतो. पाईपच्या तोंडापुढे पांढरा कागद धरून अर्धा मिनिट हवा सोडा. कागदावर डाग दिसला तर तो कंप्रेसर परत करा. टाकीच्या खालचा नळ सोडून रोज पाणी काढा, आणि पाईपला पाणी-तेल अडवणारा फिल्टर लावा. तो छोटा आहे म्हणून वाचवू नका.

दुकानात काय बघायचं

नोझलच्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये असतं. रंगाला १.३ किंवा १.४, खालच्या जाड सरफेसरला १.६ ते १.८. एकच घ्यायचं तर १.४ घ्या, सरफेसर थोडा पातळ करा आणि एक हात जास्त मारा. दोन नोझलं मिळत असतील तर उत्तम, पण नोझल, सुई आणि टोपी हा एक संच असतो. नुसतं नोझल बदलून भागत नाही. सुटे भाग आणि वॉशर याच दुकानात मिळतील का, हे विचारा आणि दाखवायला सांगा. ऑनलाइन स्वस्त मिळते, पण वॉशर गेला की अख्खी गन भंगारात.

आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बाटलीभर पाणी आणि खोक्याचे पुठ्ठे घेऊन गेलो. दुकानदार सारखा आमच्या ड्रायव्हर भाऊंकडे बघूनच बोलत होता, ते बिचारे संकोचून म्हणाले, "मला नका सांगू, गन ह्या चालवणार आहेत." वाटीत पाणी भरलं, त्यांच्याच कंप्रेसरला जोडलं आणि पुठ्ठ्यावर एक झटका मारला. ओला ठसा उभा, लांबट, दोन्ही टोकांना सारखा पाहिजे. केळीसारखा वाकडा आला तर टोपी सोडवून अर्धा फेरा फिरवा आणि परत मारा. वाकडेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष टोपीत, जागचा हलला नाही तर नोझलमध्ये. दोन्ही परिस्थितीत ती गन ठेवून द्या आणि दुसरी मागा. आम्ही तिसरी घेतली. दुकानदार चिडला नाही, उलट शेवटी चहा पाजला.

रंग कुठला, यावरही गन अवलंबून आहे

याविषयी मला सगळ्यात जास्त सांगायचंय. रंगाच्या दुकानात तुम्हाला सांगतील, "पीयू मारा, एकदम शोरूमसारखं." चमक खरंच तशी येते. पण पीयू दोन डब्यांचा असतो, एक रंग आणि एक हार्डनर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचं धुकं छातीत गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की नंतर थोड्याशा वासानेही धाप लागते. वाईट म्हणजे त्याला असा वास नाही की नाक आपल्याला आधी सावध करेल. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ लागतो. आपल्या अंगणात, जिथे शेजारी तुळस, पलीकडे पाळणा आणि भिंतीपलीकडे शेजारीण भाकरी थापते, तिथे पीयू नको. कितीही छान दिसत असला तरी नको. पीयूच हवा असेल तर गाडी बूथ असलेल्या गॅरेजमध्ये द्या. "गॅरेजमधली पोरं तोंडाला रुमाल बांधून मारतात की," असं मला ऐकवलं गेलं. मारतात, खरं आहे. ती पोरं दहा वर्षांनी कशी श्वास घेतात हे आपण बघायला जात नाही.

घरी करायचं तर एक डब्याचा एनसी रंग, ज्याला पेंटर ड्यूको म्हणतात. तो थिनर उडून गेलं की वाळतो, मिनिटांत धूळ धरायचा थांबतो. हात जास्त मारावे लागतात आणि चमक शेवटी कंपाउंडने घासून आणावी लागते. पण तो चुकला तर घासून परत मारता येतो, आणि शिकणाऱ्या हाताला तीच सोय पाहिजे. पावसाळ्यात मात्र मारू नका. दमट हवेत तो पांढुरका, धुरकट पडतो.

एक धडा इथेही मिळाला. ओम्नीच्या मागच्या दाराला आधीच्या मालकाने ब्रशने ऑइल पेंट मारला होता, आम्हाला ओळखू आला नाही. त्यावर एनसी मारला आणि पाच मिनिटांत सगळा रंग उकळत्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. एनसीचं थिनर तेज असतं, ते खालच्या ऑइल पेंटला उचलतं. आधी कोपऱ्यात थिनरचा बोळा घासून बघायला हवा होता. खालचा रंग मऊ पडला, फुगला किंवा सुरकुतला तर तो पूर्ण खरवडूनच पुढे जायचं. जुना रंग घासताना पेपरला पाणी लावूनच घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ उडायला नको. ते पाणी कोंबड्यांच्या, शेळ्यांच्या वाटेवर सोडू नका.

रंगाची छटा जुळवायला पेट्रोलच्या टाकीचं झाकण किंवा एखादा छोटा भाग काढून दुकानात न्या. पांढऱ्यातही दहा पांढरे असतात. आणि तोच रंग ठेवा. आरसी बुकात रंगाची नोंद असते. रंग बदलला तर आरटीओत जाऊन ती बदलून घ्यावी लागते.

मास्क, पदर आणि दिवा

पदर किंवा ओढणी तोंडाला बांधून थिनरचा वास कमी वाटतो, पण तो आत जातोच. कोविडमध्ये वापरलेला एन-९५ धुळीचे कण अडवतो, थिनरची वाफ नाही. पाहिजे तो दोन्ही बाजूंना गोल डबे असलेला मास्क. त्या डब्यांत वाफ शोषणारा कोळसा असतो. दुकानात 'ऑरगॅनिक व्हेपर'चं कार्ट्रिज म्हणून मागा. काम झालं की मास्क घट्ट पिशवीत बंद करा, उघडा खुंटीला टांगला तर तो कोळसा घरातली हवा शोषत बसतो आणि संपतो. मास्क घालूनही वास यायला लागला की कार्ट्रिज बदला. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि दमा असलेल्या ताईंनी फवाऱ्याच्या जवळ यायचंच नाही. त्या गटातल्या एका ताईंना दमा आहे. त्यांनी टेप आणि कागद चिकटवायचं काम घेतलं, आणि फवाऱ्याच्या दिवशी हिशेबाची वही घेऊन शाळेच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

कंप्रेसरला मोटरपासून पंपाकडे जाणारा पट्टा असतो. त्यावर जाळी नसेल तर तो कंप्रेसर आणू नका. साडीचा पदर, ओढणी, लांब वेणी, काहीही त्यात जाऊ शकतं आणि मोटर थांबवेपर्यंत वेळ मिळत नाही. आम्ही सगळ्यांनी ड्रेस घातले, केस बांधून वर फडकं गुंडाळलं. अंगावरची धूळ उडवायला कंप्रेसरची हवा अंगावर मारू नका, मुलांना तर पाईपला हातही लावू देऊ नका.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. म्हणजे ओसरीवरची चूल दूर वाटली तरी वाफ तिच्यापर्यंत खालून पोचते. चूल, गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती, कुणाची बिडी, सगळं बंद. एनसीची गाडीखाली साचलेली कोरडी भुकटीसुद्धा भर्रकन पेटते, ती पाणी मारून रोज काढा. आणि थिनर कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. का, ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरी गन आल्यावर काम कसं झालं ते थोडक्यात सांगते. डिसेंबर होता. सकाळचं दव उडाल्यावर दहाला सुरू आणि वारा सुटायच्या आत बंद. अंगणात आधी पाण्याचा सडा, म्हणजे धूळ खाली बसते. एका वेळी एकच भाग घेतला, दार झालं की टाकी परत भरू दिली. गन पत्र्यापासून वीतभर लांब, सगळीकडे अंतर सारखं. मनगट न फिरवता हात सरळ न्यायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. दाब ट्रिगर दाबलेला असताना बघायचा, नाहीतर काटा खोटं सांगतो. आमच्या गनला २५ ते ३० पौंड लागत होते. काम संपलं की लगेच वाटीत थिनर घालून गन धुतली. अख्खी गन थिनरात बुडवून ठेवली तर आतली वॉशरं जातात, आणि भोकात तार घातली तर भोक कायमचं वाकडं होतं. लाकडी टूथपिक घ्या.

गाडी लांबून चकाचक दिसते. जवळून बघितलं तर मागच्या दाराला दोन ओघळ आहेत. ते आम्ही ठेवले तसेच.

आता हिशेब, कारण तुम्ही तोच विचारणार. पहिली गन १,६५०. दुसरी २,४००. कंप्रेसरचं भाडं सात दिवसांचं, रोज ३००, म्हणजे २,१००. रंग, सरफेसर, थिनर, लांबी, पेपर, टेप असे ५,४००. वेल्डरने गंजलेल्या जागी पत्र्याचं ठिगळ मारलं त्याचे ८००. दोन मास्क २,४००. एकूण १४,७५० रुपये. गॅरेजच्या २४,००० पुढे हा आकडा बघून सगळ्या खूश झाल्या. मग शाळेच्या ओट्यावर बसलेल्या ताईंनी वही पुढे केली. त्यांनी रोजची हजेरी मांडली होती. घासणं, परत घासणं धरून तीस रोज झाले होते. ३०० रुपये रोजाने ९,०००. दोन्ही मिळून २३,७५०. म्हणजे वाचले २५० रुपये. खोलीत शांतता. माझ्या चुकीची गन आणि तिच्यापायी वाया गेलेले रोज त्यात होते, हे कुणी बोललं नाही, पण मला कळलं. पुढच्या बैठकीत मी ते स्वतःहून सांगितलं आणि इतिवृत्तात लिहायला लावलं.

म्हणून एका गाडीसाठी गन घेऊ नका, असं मी आता सरळ सांगते. वर्षात पुढे काय काय रंगवायचंय याची यादी आधी करा. त्या गटाने नंतरच्या चार महिन्यांत दोन दुकानांची शटर, अंगणवाडीचं गेट आणि अकरा कोठ्या केल्या (कोठ्या फक्त बाहेरून, आत धान्य असतं), त्याची मजुरी आली, तेव्हा गनचे पैसे फिटले. यादीत एकच गाडी असेल तर गन भाड्याने घ्या, नाहीतर फेडरेशनकडची न्या.

हो, ती दुसरी गन आता फेडरेशनच्या ऑफिसातल्या कपाटात आहे. त्या गटानेच ठेवलीय, दिवसाला १०० रुपये भाडं त्यांच्या खात्यात जमा होतं. नेताना तुमच्या कंप्रेसरची टाकी किती लिटरची आणि ८ किलोपर्यंत किती मिनिटांत भरली, हे दोन आकडे रजिस्टरमध्ये लिहावे लागतात. गनबरोबर दोन्ही मास्क मिळतात. मास्क नको म्हणाल तर गनही मिळत नाही.